बॉल पायथन की कॉर्न स्नेक?

भाऊ, आधीच सांगतो: नाग, धामण, मांडूळ हे आपले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. गुप्तधनासाठी मांडूळ शोधणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं!

परदेशी सापांत माझा कौल कॉर्न स्नेकला. बॉल पायथन शांत, पण त्याला दमट हवा लागते. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४४ च्या वर आणि हवा ठणठणीत कोरडी. मग कात तुकड्यातुकड्यांनी निघते. शिवाय हा पठ्ठ्या कधीकधी महिनोन्‌महिने उंदराला तोंड लावत नाही, हवालदिल होतो मालक. कॉर्न स्नेक खादाड, पण पळपुटा. पेटीला पक्की कडी हवीच. चाळिशीपार तापलेल्या खोलीत मात्र दोघंही दगावतील. आणि बॉल पायथनची सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे.