स्पॅनिश क्रियापदांची अनियमितता आणि मराठी अभ्यासक

रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णे बंदरी मासळीचा लिलाव चालू असता ‘होडी आली’, ‘सौदा केला’, ‘गाडी गेली’ अशी वाक्ये सहज कानी पडतात. ‘येणे’, ‘करणे’, ‘जाणे’ या तिन्ही धातूंची ही भूतकाळी रूपे अनियमित आहेत, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. मात्र स्पॅनिश शिकू लागलेला मराठी विद्यार्थी अनियमित क्रियापदांचे तक्ते पाहून धास्तावतो. हे तक्ते बहुधा इंग्रजीच्या द्वारे त्याच्यापुढे येतात, आणि ते केवळ पाठ करावयाचे असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः त्यांतील पुष्कळ रूपांची संगती मातृभाषेच्या आधारे लागते.

या अनियमिततेचे स्थूलमानाने तीन प्रकार सांगता येतील. पहिला ध्वनिपरिवर्तनाचा. ‘पोदेर’ (शकणे) या धातूतील ओकारावर आघात आला की त्याचा ‘उए’ होतो : ‘पुएदो’ (मी शकतो), परंतु ‘पोदेमोस’ (आम्ही शकतो). मराठीत ‘फूल’ शब्दातील दीर्घ ऊकार ‘फुले’ या रूपात ऱ्हस्व होतो. कारण भिन्न असले तरी दोन्हीकडे स्थानपरत्वे स्वर बदलतो. यात नियमभंग नाही.

दुसरा प्रकार भिन्न धातूंच्या संकराचा. ‘इर’ (जाणे) याची ‘वोय’ (मी जातो), ‘इबा’ (मी जात असे) व ‘फुई’ (मी गेलो) ही रूपे लॅटिनमधील तीन निरनिराळ्या धातूंपासून आलेली आहेत. मराठीत ‘जातो’ हे संस्कृत ‘या’ धातूचे, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपाचे वंशज होय.

तिसरा प्रकार प्राचीन कृदन्तांच्या अवशेषांचा. लॅटिन ‘दिक्तुम’ यापासून ‘दीचो’ (सांगितलेले) आणि ‘मोर्तुउस’ यापासून ‘मुएर्तो’ (मेलेला) ही रूपे आली. त्याचप्रमाणे संस्कृत ‘कृत’ व ‘मृत’ यांपासून ‘केला’ व ‘मेला’ ही आली. ‘मृत’ आणि ‘मोर्तुउस’ यांचा तर धातूही मुळात एकच. नित्य वापरामुळे अशी रूपे स्मृतीत दृढ राहतात. विरळ वापराचे धातू मात्र सामान्य नियमाकडे ओढले जातात.

क्रियापदयुक्त वाक्प्रचारांतही हेच साम्य आढळते. कोळी जाळे टाकतो आणि उरलेला माल विकून टाकतो. दुसऱ्या ‘टाकणे’त फेकण्याचा अर्थ उरलेला नाही. स्पॅनिश ‘एचार’ म्हणजेही टाकणे. ‘एचार ला रेद’ म्हणजे जाळे टाकणे. पण ‘एचार आ कोर्रेर’ म्हणजे एकाएकी पळू लागणे. मराठीत ‘टाकणे’ क्रियेची समाप्ती दाखविते, स्पॅनिशमध्ये ‘एचार’ तिचा आरंभ. तसेच ‘लागणे’चे. मराठीत भूक लागते आणि जावेही लागते. स्पॅनिशमध्ये या दोन्ही ठिकाणी ‘तेनेर’ (जवळ असणे) हा धातू येतो : ‘तेंगो आंब्रे’ (मला भूक लागली आहे), ‘तेंगो के इर’ (मला जावे लागते). म्हणून असे प्रयोग सुटे शब्द जोडून नव्हे, तर अखंड स्वरूपातच आत्मसात केले पाहिजेत.

‘मे गुस्ता एल पेस्कादो’ हे वाक्य इंग्रजीच्या द्वारे शिकणाऱ्यास उलटे भासते. मराठीत ते सरळ ‘मला मासा आवडतो’ असे होते. दोन्हीकडे क्रियापद माशाला अनुसरते.

तथापि मातृभाषेचा आधार सावधपणे घेतला पाहिजे. ‘मी मासळी विकली’ येथे क्रियापद मासळीच्या लिंगवचनानुसार चालते. स्पॅनिश ‘वेंदी’ (मी विकले) मात्र विकणाऱ्यालाच अनुसरते. अशी भेदस्थळे आरंभीच दाखवून दिली, तर साम्यस्थळे निर्धास्तपणे वापरता येतील. स्पॅनिशच्या अध्यापनात मराठी व्याकरणाला स्थान असावे ते अभिमानापोटी नव्हे. विद्यार्थ्याला अगोदरच अवगत असलेले ज्ञान वाया जाऊ नये, एवढ्यासाठी.