संशोधनप्रबंधांतील आधारसंक्षेप व त्यांची संगणकावरील मांडणी

ऐतिहासिक प्रबंधांत विधानाचें मोल त्याच्या आधारावरून ठरतें, आणि तो आधार बहुधा दोनचार अक्षरांच्या संक्षेपांत सांठविलेला असतो. संक्षेप संदिग्ध असला म्हणजे वाचक भलत्याच ग्रंथाचें पान उघडतो, व विधान खरें असूनहि निराधार ठरतें. हल्लीं विद्यापीठांस सादर होणारे प्रबंध वर्ड प्रोसेसरवर लिहिले जातात. म्हणून संक्षेप कसे ठरवावे व संगणकावर ते कसे राखावे, याचा विचार येथें करूं.

संक्षेपाची चाल आपणांस नवी नाहीं. मोडी लेखक मौजे, परगणे, राजश्री अशा नित्याच्या शब्दांचें आद्याक्षर लिहून पुढें उभी रेघ ओढीत; मुसलमानी तारखेपूर्वीं चंद्रदर्शक 'छ' लिहीत. दप्तरांतील मंडळींस हा संकेत ठाऊक असल्यामुळें घोटाळा होत नसे. प्रबंधाच्या वाचकास मात्र तो आरंभीं यादी देऊन सांगावा लागतो.

उदाहरणादाखल छत्रपति संभाजीनगर (पूर्वींचें औरंगाबाद) जिल्ह्यांतील कन्नड तालुका घेऊं. येथील पितळखोऱ्याच्या लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत, तर अंतूर किल्ल्यावर फारशी शिलालेख आहेत. तेव्हां एकाच प्रबंधांत 'एपिग्राफिया इंडिका' व 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' या दोहोंचें काम पडतें. त्यांस 'ए. इं.' व 'ए. इं. मो.' हे संक्षेप सहज सुचतात. परंतु पहिला दुसऱ्याच्या पोटांत बसतो. पुढें 'ए. इं.' च्या जागीं 'एपि. इं.' घालावें अशी आज्ञा संगणकास दिली, तर दुसराहि नकळत बदलतो, आणि यादींत नसलेला तिसराच संक्षेप जन्मास येतो. यास्तव कोणताहि संक्षेप दुसऱ्याचा अंश होऊं देऊं नये.

संक्षेपापुढील अंक कशाचा, हेंहि यादींत सांगावें. ल्यूडर्सची ब्राह्मी लेखांची यादी 'एपिग्राफिया इंडिका'च्या १० व्या खंडाची पुरवणी म्हणून १९१२ त निघाली. तेथें अंक लेखाचा धरणें सोयीचें. पितळखोऱ्यावरील म. न. देशपांडे यांचा लेख 'एन्शंट इंडिया'च्या १५ व्या अंकांत (१९५९) आहे. तेथें अंक पृष्ठाचाच हवा. त्याचप्रमाणें 'पे. द.' म्हणजे सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत छापविलेली निवड, कीं पुण्याच्या पुराभिलेखागारांतील मूळ रुमाल? दोहोंस निरनिराळे संक्षेप योजिल्याशिवाय छापील प्रत व अस्सल कागद यांतील भेद राहत नाहीं.

आतां संगणकाकडे वळूं. पहिली गोष्ट म्हणजे संक्षेपांसाठीं 'संक्षेप' या नांवाची अक्षरशैली, म्हणजे कॅरॅक्टर स्टाइल, करून ती प्रत्येक संक्षेपास लावावी. मग ठसा जाड हवा कीं साधा, हें एका ठिकाणीं बदललें म्हणजे सर्वत्र बदलतें. शिवाय त्या शैलीचा शोध घेऊन प्रत्येक संक्षेप यादीशीं ताडून पाहतां येतो. देवनागरीचा फाँट व आकार वर्डमध्यें इंग्रजीहून वेगळ्या सदरांत असतो, म्हणून दोन्ही सदरें भरावीं.

दुसरी गोष्ट, 'ए.' ओळीच्या शेवटीं व 'इं.' पुढील ओळीवर जाऊं नये. यासाठीं मधली जागा कंट्रोल, शिफ्ट व स्पेस या कळा एकत्र दाबून सोडावी. ती जागा ओळ तोडूं देत नाहीं. संक्षेप व त्याचा खंडांक यांमध्येंहि हीच जागा सोडावी.

तिसरी गोष्ट अक्षरांची. विसर्ग व अपूर्णविराम डोळ्यांस जवळजवळ सारखे दिसतात, पण संगणकास तीं दोन भिन्न चिन्हें आहेत. खंड व पृष्ठ यांमध्यें एकदां हें व एकदां तें पडलें, तर शोधांत निम्मे आधार सांपडत नाहींत. 'इंडियन अँटिक्वेरी'चा संक्षेप कोणी 'इं. अँ.' लिहितो, कोणी 'इं. ॲं.'; यांपैकीं एकच रूप ठरवावें. ऑटोकरेक्टमध्यें 'एइ' असें टंकलें असतां पूर्ण संक्षेप उमटावा अशी योजना केल्यास रूपभेदास वाव राहत नाहीं. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतील मजकूर आधीं युनिकोडमध्यें आणावा. नाहीं तर वरील शोध व्यर्थ होतो.

शेवटीं संग्राहकांच्या दृष्टीनें एक गोष्ट. छापील ग्रंथाचा संक्षेप चुकला तर ग्रंथालयांत तपास लागतो. खाजगी दप्तराचें तसें नाहीं. रुमाल वारसांत वांटला जातो, विकला जातो, कधीं वाळवी लागून नष्ट होतो. म्हणून अशा संग्रहाच्या संक्षेपाखालीं यादींत गांव, त्या वेळचा धारक, रुमाल व कागद यांचे क्रमांक आणि पाहिल्याची तारीख इतकें अवश्य द्यावें. मात्र धारकाचें नांव त्याच्या संमतीनेंच छापावें. कागद नाहींसा झाला असतां तो होता कोठें, एवढें सांगणारी खूण पुष्कळदां ही यादीच असते.