पैठणीची जर काळी का पडते?

अस्सल जरीत चांदीची तार असते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी तिची गाठ पडली की काळे सिल्व्हर सल्फाइड तयार होते. दमट हवेत ही क्रिया वेग घेते. म्हणून पैठणी धुतलेल्या, कोरड्या सुती कापडात गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. अत्तर थेट पदरावर तर मुळीच नको. घडीही दर काही महिन्यांनी बदलायला हवी, नाहीतर जर त्याच रेषेवर तुटते.

रेशमाचे दुखणे वेगळे. ते लोकरीसारखेच प्रथिन. अनेक धुण्याच्या पावडरींत डाग काढण्यासाठी प्रोटिएज विकरे घातलेली असतात, आणि त्यांचे कामच प्रथिने तोडण्याचे. रक्ताचा डाग कोणता नि रेशमाचा धागा कोणता, हे त्यांना कळत नाही! घरी धुता येईल अशा साध्या रेशमी कपड्याला मी रिठ्याचे पाणीच सुचवेन.