भिंतीवर लिहिलेलं लग्न

मुलांनो, आपल्या शिवथरला सणाला अंगण सारवून रांगोळी काढतात ना? डहाणूकडे वारली सुवासिनी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने 'चौक' लिहितात. हो, 'लिहितात'! त्यात पालघाट देवी असते. चौकाशिवाय लग्न लागत नाही.

१९७०च्या दशकात गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं कागदावर उतरून जगभर गेली. २०११ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली.

गंमत बघा! १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, पापुन्याला, तिथल्या आदिवासींनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची पूर्वजकथा रंगवली. पुढे त्या भिंतीवर रंग फासला गेला. पण कला कॅनव्हासवर जगली.

दोन्हीकडे चित्र म्हणजे नुसती नक्षी नव्हे. वारली चित्र जरूर काढा, पण आधी त्याचा अर्थ विचारा, बरं का!