चर्चेचे गुऱ्हाळ

२८ ऑगस्ट १९५७ च्या रात्री, नऊ वाजायला काही मिनिटे असताना, दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड अमेरिकेच्या सिनेटमध्ये बोलायला उभे राहिले. ते थांबले दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजून गेल्यावर. २४ तास १८ मिनिटे! या गृहस्थांनी आधी चक्क बाष्पस्नान घेतले होते. अंगातले पाणी आटवून ठेवले, की पुढे कितीही घोट घेतले तरी उठून जावे लागणार नाही, असा हिशेब. सभागृहाचा नियमच तसा : बोलणाऱ्याने बसायचे नाही, दालन सोडायचे नाही. सोडले, की बोलण्याचा हक्क गेला. तरीही त्यांचा मदतनीस शेजारच्या खोलीत बादली घेऊन तयार होता म्हणतात.

एवढा वेळ बोलले तरी काय? एकेका राज्याचे निवडणूक कायदे वाचले, स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, जॉर्ज वॉशिंग्टन यांचे निरोपाचे भाषण वाचले. कशासाठी, तर काळ्या नागरिकांच्या मतदानाच्या हक्काला थोडेफार संरक्षण देणारे विधेयक मंजूर होऊ नये म्हणून. ते थांबले आणि दोन तासांच्या आत विधेयक ६० विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाले. एकही मत फिरले नाही.

हा विक्रम २०२५ च्या १ एप्रिलला मोडला. मोडला तो न्यू जर्सीच्या कोरी बुकर या काळ्या सिनेटरने, २५ तास ५ मिनिटे बोलून. बसायचा मोह नको म्हणून त्यांनी आपली खुर्चीच काढून न्यायला सांगितली होती. मात्र ते कुठलेही विधेयक अडवत नव्हते. तो निषेध होता.

या प्रकाराला तिकडे ‘फिलिबस्टर’ म्हणतात. शब्दाचे मूळ समुद्री लुटारूंच्या नावात आहे, आणि ते मला समर्पक वाटते. १९१७ पर्यंत तर सिनेटमध्ये चर्चा बंद करण्याचा नियमच नव्हता. त्या वर्षी व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचे विधेयक मूठभर सिनेटरांनी बोलून बोलून मारले, अध्यक्ष विल्सन संतापले, तेव्हा कुठे दोनतृतीयांश मतांनी चर्चा थांबवण्याची सोय झाली. १९७५ मध्ये हे प्रमाण तीनपंचमांशावर, म्हणजे शंभरांत साठावर आले.

पण मधल्या काळात एक गंमत झाली होती. एक विधेयक अडले असताना दुसरे कामकाज चालू ठेवायची पद्धत सत्तरच्या दशकात पडली. मग उभे राहायची गरज कुणाला? ‘आमचा विरोध आहे’ एवढे कळवले की पुरे; साठ मते जमेपर्यंत विधेयक पडून. ना बाष्पस्नान, ना बादली.

हा मुका प्रकार मला चांगला ओळखीचा आहे, कारण माझे आयुष्य बँकेत गेले. कर्जाच्या प्रस्तावावर ‘नामंजूर’ लिहायला छाती लागते. कारण द्यावे लागते, खाली सही करावी लागते. त्यापेक्षा ‘अधिक खुलासा मागवावा’ हे सोपे. खुलासा आला, की त्यावर आणखी एक शंका. तोवर पंपासाठी कर्ज मागणाऱ्याचा रब्बी हंगाम निघून गेलेला असतो, आणि दप्तरी कुणीही त्याला नाही म्हटलेले नसते. असे शेरे मीही लिहिले आहेत.

आपल्या संसदेत प्रत्येक पक्षाला वेळ वाटून दिलेला असतो, त्यामुळे दिवसभर बोलत राहण्याची सोय नाही. आपण त्याऐवजी गोंधळ वापरतो. तरी २९ डिसेंबर २०११ ची रात्र आठवा. अण्णा हजारे यांनी मुंबईतले उपोषण आदल्याच दिवशी सोडले होते. लोकसभेने मंजूर केलेले लोकपाल विधेयक राज्यसभेत आले होते, त्यावर १८७ दुरुस्त्या, आणि अधिवेशनाचा शेवटचा दिवस. रात्र चढत गेली, एका सदस्याने विधेयकाची प्रत फाडली, आणि मध्यरात्र होताच मतदान न होता सभागृह संस्थगित झाले. सरकारनेच वेळ काढला असे विरोधक म्हणाले. एवढ्या दुरुस्त्या ऐन वेळी कशा निस्तरायच्या, असे सरकार म्हणाले. कायदा झाला दोन वर्षांनी. पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये.

मी लांबलेल्या चर्चेचा सरसकट विरोधक नाही. आरडाओरड्यात, कुणी वाचलेही नसताना, मिनिटामिनिटाला एक विधेयक मंजूर होताना आपण पाहिले आहे. तेव्हा कुणीतरी तासभर अडवून धरायला हवे होते असेच वाटते. फक्त थांबायचे कुणाच्या जिवावर, हे पाहावे लागते. जमावाने माणसे ठेचून, टांगून मारण्याविरुद्धचे विधेयक अमेरिकेच्या कनिष्ठ सभागृहाने १९२२ मध्ये मंजूर केले होते. दक्षिणेतल्या सिनेटरांनी ते बोलून अडवले. पुढेही असे प्रयत्न झाले, तेही अडले. अखेर त्या गुन्ह्याविरुद्धच्या केंद्रीय कायद्यावर सही झाली मार्च २०२२ मध्ये. शंभर वर्षे!

१९६४ मध्ये मात्र भिंत फुटली. वर्णभेदाविरुद्धच्या नागरी हक्क विधेयकावर मार्चपासून चर्चा चालली होती. १० जूनच्या सकाळी रॉबर्ट बर्ड यांनी १४ तास १३ मिनिटांचे भाषण संपवले आणि चर्चा बंद करावी का, यावर मतदान पुकारले गेले. ६७ मते हवी होती. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूत गाठ झाली होती. त्यांना चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणले होते. त्यांचे नाव पुकारले गेले. वाचा गेलेली, शब्द फुटेना. इंग्रजीत ‘हो’साठीचा ‘आय’ आणि डोळ्यासाठीचा ‘आय’ यांचा उच्चार एकच. त्यांनी कसाबसा हात उचलला आणि आपल्या डोळ्याकडे बोट दाखवले. मोजणाऱ्याने ते होकारात धरले. बाजूने ७१ मते पडली. पन्नास दिवसांनी एंगल वारले.