दहा टक्क्यांची भीती

दहातला एक. अमेरिकेत आश्रय मागणाऱ्याची भीती रास्त ठरायला, मायदेशी परतल्यावर छळ होण्याची एवढी शक्यताही पुरते. १९८७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर असण्याची गरज नाही. बरोबरच आहे. जिथे दहातल्या एकाला गोळी घालतात, त्या गावाला आपल्यापैकी कोण जाईल?

छळाची कारणं मात्र पाचच चालतात: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट आणि राजकीय मत. चीनमध्ये सरकारी नोंदणी नसलेल्या घरगुती चर्चमध्ये प्रार्थना केली म्हणून पोलिसांनी उचललेला माणूस धर्माच्या रकान्यात बसतो.

इथवर कायदा उदार दिसतो. आता रांग पाहा. २०२४ संपताना इमिग्रेशन न्यायालयांत सुमारे ३७ लाख प्रकरणं तुंबली होती. सगळीच आश्रयाची नव्हेत, पण न्यायाधीश त्याच सगळ्यांना मिळून साधारण ७००, म्हणजे प्रत्येकाच्या टेबलावर पाच हजारांहून जास्त फायली. रोज तीन निकाली काढल्या, वर्षाचे अडीचशे दिवस काम केलं आणि नवी एकही आली नाही, तरी सात वर्षं लागतील. शिवाय हे न्यायाधीश सरकारच्या न्याय खात्याचे नोकर. त्यांची नेमणूक अॅटर्नी जनरल करतात.

त्यात नशिबाचा भाग किती? तीन अभ्यासकांनी १,४०,००० निकाल तपासून २००७ मध्ये जे छापलं, ते वाचून झोप उडते. चिनी अर्जदारांना देशभरात सरासरी ४७ टक्के यश, अटलांटात ७ टक्के. मायामीत तर एकाच इमारतीत, कोलंबियातूनच आलेल्या अर्जदारांपैकी एका न्यायाधीशाने ५ टक्के मान्य केले, दुसऱ्याने ८८ टक्के.

अर्ज फेटाळला गेला की अपील मंडळ, आणि तिथेही नकार आला तर ३० दिवसांत फेडरल न्यायालयात धाव. खरी गोम इथेच आहे. १९९६ च्या कायद्यानुसार, न्यायमूर्तींना अर्जदाराचं म्हणणं पटलं एवढ्याने भागत नाही. पुरावा असा हवा की कोणत्याही समंजस माणसाला उलट निष्कर्ष काढावाच लागला असता. मग ५ आणि ८८ यांचं काय करायचं? दोघंही समंजस धरले, तर मधल्या बहुतेक अर्जदारांचा निकाल कुठल्याही बाजूला लागला तरी वरच्या न्यायालयात टिकतो. दहा टक्क्यांची भीती घेऊन आलेल्याला आता, ती भीती नाकारणं कुणाही समंजस माणसाला शक्यच नव्हतं, हे दाखवावं लागतं.

निकालामागचा तर्कच चुकलेला असेल, तर मात्र न्यायालय हात घालतं. इंडोनेशियातल्या एका ख्रिश्चनाला धर्मतत्त्वांची पुरेशी माहिती नाही, म्हणून त्याचं बोलणं खोटं ठरवलं गेलं होतं. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल अपील न्यायालयाने ते रद्द केलं: धर्मशास्त्र न येणाराही त्या धर्माचा असू शकतो आणि त्यासाठी छळला जाऊ शकतो. (आपल्याकडे अशी परीक्षा घेतली तर किती जण उत्तीर्ण होतील, देव जाणे.) पण असं जिंकल्यावरही सहसा आश्रय हाती पडत नाही. प्रकरण खाली परत जातं, नव्याने विचार करायला.