फेसाची उंची

नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे, फार लांबही नाही. तरी घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्याला तिचं पाणी चालत नाही. त्यात गाळ असतो, शहराचं सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. म्हणून इथला घरगुती समुद्र सुरू होतो तो मोरबे धरणातून आलेल्या नळाच्या पाण्यापासून. ते आरओतून गाळायचं, त्यात पिशवीतलं समुद्री मीठ विरघळवायचं. लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार झाले की विशिष्ट गुरुत्व १.०२६ भरतं. पण या समुद्राला भरती-ओहोटी नाही. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, अंगावरचा बुळबुळीत स्राव, सगळं जागच्या जागी राहतं. ते बाहेर काढतो प्रोटीन स्किमर, आणि या छंदातल्या सगळ्या उपकरणांत मला त्याचंच सर्वांत कौतुक आहे.

कारण बाकीचे फिल्टर घाण अडवून ठेवतात किंवा जिवाणूंच्या हवाली करतात. मग प्रथिनं कुजून अमोनिया होतो, अमोनियाचा नायट्राइट, त्याचा नायट्रेट. स्किमर कुजण्याआधीच हात घालतो. गुऱ्हाळात रस उकळताना काहिलीवर आलेली मळी जशी वरच्या वर काढतात, तसं हे काम, फक्त उष्णतेऐवजी हवेनं केलेलं. प्रथिनाच्या रेणूचा एक भाग पाण्याला धरून असतो आणि दुसरा पाणी टाळतो. बुडबुडा दिसला की तो दुसरा भाग हवेकडे वळतो, रेणू बुडबुड्याला चिकटतो आणि त्याच्याबरोबर वर जातो. स्किमरच्या वरच्या अरुंद मानेत फेस दाटतो, त्यातलं पाणी निथळून खाली येतं आणि उरलेला तपकिरी, उग्र वासाचा द्रव वरच्या कपात सांडतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात. गोड्यात ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. म्हणून गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरतं.

जुन्या स्किमरमध्ये लाकडी हवादगडातून बुडबुडे सोडत. आता पंपाच्या पंख्यालाच बारीक सुया असतात आणि त्या ओढून घेतलेल्या हवेचा भुगा करतात. बर्लिनच्या छंदिष्टांनी जिवंत खडक आणि जोरकस स्किमर या दोन गोष्टींवर प्रवाळांच्या टाक्या उभ्या केल्या. आपल्याकडे ती वाट खुली नाही. २००१ मध्ये इथले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, समुद्री घोडेही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे इथं टाकी मांडायची ती फक्त माशांची. अशा टाकीत खाद्य जास्त पडतं आणि स्किमरवरचा भारही वाढतो.

तरी मोठ्यात मोठा स्किमर घेतला म्हणजे झालं, असं नाही. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ मध्ये काही स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी जेमतेम २० ते ३० टक्केच बाहेर निघत होता. पाणी बदलण्यातून सुटका नाही. पण स्किमरचं आणखी एक काम आहे आणि आपल्या हवामानात मला ते तितकंच मोलाचं वाटतं. मे महिन्यात टाकी तिशीवर गेली की पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्याच वेळी माशांना तो जास्त लागतो. रात्रंदिवस पाण्यात हवा घुसळणारं हे यंत्र तेव्हा खरं उपयोगी पडतं.

स्किमर बसतो मुख्य टाकीच्या खाली ठेवलेल्या, कप्पे पाडलेल्या दुसऱ्या टाकीत, आणि बसवताना सगळं अवलंबून असतं ते या खालच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर. बहुतेक स्किमरना सात-आठ इंच पाणी लागतं. नेमका आकडा बनवणारा देतो. उन्हाळ्यात बाष्पीभवनानं पातळी रोज उतरते आणि फेस खाली बसतो. म्हणून स्किमर अशा कप्प्यात ठेवावा जिथं आडव्या काचेमुळे पाणी ठरलेल्या उंचीवरच राहतं. घट पुढच्या, म्हणजे पाणी वर पाठवणाऱ्या परतीच्या पंपाच्या कप्प्यात दिसू द्यावी आणि तिथं गोडं पाणी घालावं, कारण मीठ उडून जात नाही.

नवा स्किमर पहिले काही दिवस वेडावाकडा वागतो. प्लास्टिकवर कारखान्यातला तेलकट थर असतो. सौम्य व्हिनेगरच्या पाण्यात आधी चालवला तर बरं. हवेची नळी पूर्ण उघडी ठेवावी आणि पाणी बाहेर सोडणारा नळ फिरवून आतलं पाणी मानेच्या तळाशी आणावं. मग हात आखडावा. नळ केसभर फिरवला तरी परिणाम दिसायला वेळ लागतो. दर तासाला फिरवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कपात फिकं पाणी भराभर येत असेल तर पातळी उतरवायची, घट्ट काळा चिखल मानेतच अडकत असेल तर चढवायची. चहाच्या रंगाचा द्रव येतो तिथं थांबावं. खाद्य टाकल्यावर फेस बसला तर नळाला हात लावू नये. खाद्यातल्या तेलानं तसं होतं आणि काही तासांत तो पुन्हा उभा राहतो. मानेच्या आतल्या काठावर चरबट थर साचला तरी फेस चढत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांनी कप ओतताना मान पुसून घ्यावी.

वीज गेली की वरच्या टाकीतलं पाणी खाली उतरतं. वीज येताच स्किमर चढलेल्या पातळीत सुरू होतो आणि कप भरून जमिनीवर वाहतो. टाकी मांडल्यावर एकदा मुद्दाम बटण बंद करून पाहावं, पाणी कुठवर चढतं त्याची खूण काचेवर करावी, आणि स्किमरचा पंप परतीच्या पंपानंतर दहा मिनिटांनी सुरू होईल असा टायमर लावावा.